खोक्यातले सेफ्टी शूज न वापरताच का फुटतात

दसरा जवळ आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू होते आणि त्याच सुमारास स्टोअरमधनं सेफ्टी शूजचे खोके बाहेर निघतात. काही यंदा आलेले, काही गेल्या हंगामात उरलेले, काही त्याच्याही आधीचे, रॅकच्या पार मागच्या बाजूला सरकलेले. खोकं उघडलं की बूट एकदम कोरा, चामड्यावर चमक, आतला कागदाचा बोळा पण तसाच. माणूस घालतो, मिल हाऊसपर्यंत दोन चकरा मारतो आणि टाचेखालनं काळा भुगा पडायला लागतो, मग दुपारपर्यंत अख्खा सोल तोंड उघडून बसतो. आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, काय केलंस रे बुटाला?

त्यानं काहीच केलेलं नसतं. बूट खोक्यात होता तेव्हाच सडत होता, फक्त बाहेरून दिसत नव्हतं. हे असं का होतं ते कळलं तर निदान स्टोअरवाले, ठेकेदार आणि बूट घालणारे एकमेकांवर ओरडायचे थांबतील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाचा सोल वर असताना सुटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सोल कशाचा असतो ते बघू. आज मार्केटमध्ये मिळणाऱ्या बहुतेक सेफ्टी शूजचा सोल पॉलियुरेथेनचा असतो, दुकानदार त्याला सरळ पीयू म्हणतात. जर्मनीत १९३७ साली ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मटेरियल शोधलं. दोन पातळ केमिकल एकत्र मिसळून बुटाच्या साच्यात ओतायची, ती फेसाळून फुगतात, घट्ट होतात आणि वरच्या चामड्याला थेट चिकटतात, शिवायची गरज नाही. आत बारीक बारीक हवेचे कप्पे राहतात त्यामुळं सोल हलका होतो, टाचेला धक्का कमी बसतो, ऑइल ग्रीसनं लगेच खराब होत नाही आणि किंमत पण परवडते. बारा तास उभं राहणाऱ्या माणसासाठी हे खरंच चांगलं मटेरियल आहे, पीयू म्हणजे फसवणूक असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्याची एक खोड आहे आणि ती खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

पीयूचे पण दोन मोठे प्रकार आहेत. ज्या केमिकलपासून बनतं त्यावरून एक पॉलिएस्टरवालं आणि एक पॉलिईथरवालं. बुटाच्या सोलला बहुतेक वेळा पॉलिएस्टरवालं वापरतात कारण ते कमी झिजतं, तेलाला जास्त टिकतं. पण याच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत ठराविक अंतरावर जे जोड असतात, ज्यांना एस्टर बंध म्हणतात, ते जोड पाणी तोडू शकतं. पाणी म्हणजे बादलीतलंच पाणी पाहिजे असं काही नाही, हवेतली ओल पुरते. वाफ त्या फेसाच्या कप्प्यांत हळूहळू शिरते, एक जोड तुटतो, मग दुसरा, साखळी आखूड होत जाते आणि लवचिक असलेलं मटेरियल आधी कमजोर, मग ठिसूळ किंवा चिकट होऊन जातं. या प्रक्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात.

आपल्याकडच्या साखर कारखान्यातल्या केमिस्टला हे समजावून सांगायची गरजच नाही कारण तो हीच गोष्ट रोज सांभाळत असतो. उसाचा रस आंबट राहिला आणि वर गरम पण असला की साखरेचा रेणू पाणी घेऊन मधोमध तुटतो, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, कारखान्यात त्याला इन्व्हर्शन म्हणतात आणि एकदा झालं की ती साखर पोत्यात येत नाही, उतारा पडतो, म्हणजे उसातनं हाती येणारी साखर कमी होते. म्हणून तर रसात चुना घालतात, आंबटपणा मारायला. बुटाच्या सोलमध्ये पण जातकुळी तीच, पाण्यानं जोड तुटणं, आणि तिथं पण आंबटपणा आणि उष्णता दोन्ही गोष्टी वेग वाढवतात. फरक एवढाच की सोलमध्ये तो आंबटपणा बाहेरून यायची गरज नाही, प्रत्येक जोड तुटला की तिथंच थोडं आम्ल तयार होतं आणि ते पुढचे जोड तोडायला मदत करतं. म्हणजे सुरुवातीला सगळं अगदी संथ चाललेलं असतं, वर्ष दोन वर्ष बाहेरून काहीच कळत नाही, आणि मग एका टप्प्यानंतर वेग वाढत जातो आणि गेल्या महिन्यात बरा वाटलेला बूट या महिन्यात हातात तुकडे होतो. लोकांना जे अचानक वाटतं ते अचानक नसतं, बरीच वर्षं आतून चाललेलं असतं.

आता सगळ्यात उलटं वाटणारी गोष्ट. रोज घातलेला बूट टिकतो आणि ठेवलेला फुटतो, हे कसं काय?

याची दोन कारणं आहेत. पहिलं, चालताना सोल दबतो सुटतो, आतल्या हवेची ये-जा होत राहते, ओल आणि आम्ल एका जागी साठून राहत नाही, त्यामुळं नियमित वापरातल्या पीयू सोलमध्ये ही बिघाडाची गती कमी राहते असा बूट बनवणाऱ्यांचा अनुभव आहे आणि ते तसं स्पष्ट सांगतात पण. दुसरं कारण जास्त साधं आहे आणि मला वाटतं तेच जास्त मोठं आहे. रोज वापरणाऱ्याचा बूट वर्षभरात, फार तर दीड वर्षात झिजूनच जातो, सोलचे खाचे गुळगुळीत होतात, चामडं फाटतं, तो नवा घेतो. हायड्रोलिसिसला त्याच्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. म्हणून फिटरला, वेल्डरला हा प्रकार कधी दिसत नाही आणि व्हिजिटर शूजच्या कपाटात, ऑफिसमधल्या साहेबांच्या टेबलाखाली, वर्षातनं एकदा शटडाउनला येणाऱ्या माणसाच्या बॅगेत हमखास दिसतो. डोंगरात वर्षातनं एकदा जाणाऱ्यांचे ट्रेकिंगचे शूज गडाच्या मध्यावर सोल सोडतात ते पण ह्याच कारणानं.

मग सोलापुरात काय. इथं बरेच जण म्हणतात की आपली हवा कोरडी, कोकणात होत असेल असलं काही, आपल्याकडं कशाला. कोकणात जास्त होतं हे खरंच आहे, ओल जितकी जास्त आणि सलग तितका बिघाड वेगात. पण आपल्याकडं दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे उन्हाळा. एप्रिल मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, कधी ४४ पर्यंत जातो, आणि चिंचोळी एमआयडीसी काय किंवा अक्कलकोट रोडची एमआयडीसी काय, छोट्या युनिटचं स्टोअर म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याचं शेड, त्यात वरच्या रॅकवर किती तापत असेल ते दुपारी दोन वाजता एकदा स्वतः चढून बघा. रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशोब सांगतात की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ढोबळच आहे, पण पंचवीस अंशाची थंड खोली आणि पंचेचाळीस अंशाचं शेड यात किती फरक पडेल त्याचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट म्हणजे जून ते ऑक्टोबर. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, त्या दिवसात चादरी वाळत नाहीत, पापडाला ओल धरते, तर खोक्यातल्या फेसाला काय धरणार नाही? आणि तेव्हा आत शिरलेली ओल बंद खोक्यातनं लगेच बाहेर जात नाही. वर यंत्रमागाच्या काही शेडमध्ये धागा तुटू नये म्हणून मुद्दाम दमट ठेवतात, तिथं भिंतीला लागून ठेवलेल्या बुटांचं वय आणखी कमी.

म्हणून बुटाचं वय मोजायचं ते घातलेल्या दिवसापासून नाही तर बनवलेल्या दिवसापासून. हे एक वाक्य मी प्रत्येक स्टोअरकीपरला सांगत असतो. बऱ्याच कंपन्या बुटासोबत जो घडी घातलेला कागद देतात, जो आपण खोक्याबरोबर फेकून देतो, त्यात हे लिहिलेलं असतं. पीयू असलेल्या बुटाला साधारण बनवल्यापासून ३ वर्षं, पीव्हीसीला ५ वर्षं, चामडं आणि रबर सोलच्या बुटाला १० वर्षं, असे आकडे बऱ्याच ठिकाणी सापडतात, ते पण चांगल्या जागी ठेवला तर. कंपनीप्रमाणं बदलतात, म्हणून तुमच्या बुटाचा कागद वाचा, माझा आकडा पाठ करू नका.

तारीख कुठं सापडते? सेफ्टी शूजचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ २०३४५ आणि आपलं भारतीय मानक आयएस १५२९८, त्याचा भाग २ सेफ्टी शूजसाठी. मानकाप्रमाणं बनवलेल्या बुटावर साइज, बनवणाऱ्याचं नाव, मानकाचा नंबर यांच्यासोबत बनवल्याचा काळ पण असायला लागतो. जिभेच्या आतल्या लेबलवर बघा, नाहीतर बूट उलटा करा, सोलच्या मधल्या भागात घड्याळासारखा एक छोटा गोल असतो, मधे वर्षाचे आकडे, भोवती १ ते १२ महिने आणि एक बाण, बाण जिकडं तो महिना. बिलाची तारीख बघून काही कळत नाही कारण बूट डीलरच्या गोडाऊनमध्ये आधीच दोन वर्षं पडून आलेला असू शकतो आणि भरघोस डिस्काउंट मिळतोय तेव्हा तर हे आधी तपासायचं.

याच मानकात पीयू सोलची हायड्रोलिसिसची टेस्ट पण आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. सोल ७० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत ७ दिवस ठेवतात, मग त्याला छोटी चीर पाडून मशीनवर दीड लाख वेळा वाकवतात आणि ती चीर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढायला नको. चांगली टेस्ट आहे, रस्त्यावरच्या स्वस्त नकली बुटात आणि मानकवाल्या बुटात हाच फरक असतो. पण ती नव्या बुटावर घेतलेली परीक्षा आहे, त्यातनं एवढंच कळतं की मटेरियल बरं आहे, पाच वर्षं पत्र्याखाली टिकेल याची हमी त्यातनं कुणी देत नाही. तसंच पुढच्या टो कॅपचं. २०० ज्यूलचा मार आणि १५ किलोन्यूटनचा दाब सहन करायची ताकद लोखंडी टोपीत असते आणि ती टोपी सात वर्षांनी पण तशीच असेल, पण जिच्याखालचा सोलच राहिला नाही ती टोपी पायावर टिकणार कशी.

हाताळून कसं ओळखायचं ते सांगतो. बूट उजेडात घ्या. टाचेच्या बाजूला आणि पायाच्या कमानीखाली, जिथं सोल जाड असतो, तिथं अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगला पीयू दबतो आणि परत वर येतो. खड्डा तसाच राहिला, नखाला चिकट लागलं किंवा भुगा निघाला तर विषय संपला. मग बूट दोन्ही हातात धरून चवडा वर वाकवा, चालताना वाकतो तेवढा, आणि वाकलेल्या रेषेवर बघा, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तरी तो बूट कामाचा नाही. चामडं आणि सोल जिथं मिळतात त्या कडेला पण नख घालून बघा कारण काही बुटात सोल शाबूत असतो पण चिकटवणारा थर गेलेला असतो, तो पण बऱ्याचदा पीयूचाच असतो, आणि मग सोल अख्खाच्या अख्खा सुटून येतो. दोन्ही पाय तपासा. एका खोक्यातला एक बूट फुटला तर त्याच बॅचचे बाकीचे सगळे काढून बघा, ते वेगळ्या नशिबाचे नसतात.

एक फसवा प्रकार आहे तो लक्षात ठेवा. काही बुटांना खाली रबराचा सोल असतो आणि मधे पीयूचा थर. बॉयलर हाऊससाठी असले बूट घेतात कारण नायट्राइल रबराचा तळ उष्णतेला टिकतो, ज्यावर एचआरओ लिहिलेलं असतं त्याची ३०० अंशाला एक मिनिट टेकवून टेस्ट झालेली असते, साधा पीयू तिथं वितळेल. पण खालचं रबर छान दिसतंय म्हणून बूट चांगला असं होत नाही, मधला थर आतल्या आत गेलेला असतो. म्हणून बाजूनं दाबून बघायचं, खालून नाही.

आणि फुटलेला सोल चिकटवून आणू नका. मोचीची चूक नसते, तो त्याच्या परीनं चांगला गोंद लावतो, पण गोंद धरणार कशाला? समोरचं मटेरियलच भुगा झालंय, आज चिकटवलेलं परवा शेजारून सुटणार. खिळे मारले, दोरा घातला तर आणखी नुकसान, अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा बूट असेल तर त्याचा गुण जातो, सोलमध्ये खिळा न घुसू देणारी पट्टी असेल तर तिला भोक पडतं. चार दिवस काढायचे म्हणून असा बूट कुणाला घालायला देणं हे मला तरी बरोबर वाटत नाही.

बाकीच्या मटेरियलचं थोडक्यात. रबराला पाण्याचा एवढा त्रास नाही, त्याला ऊन आणि ओझोन, म्हणजे विजेच्या ठिणगीजवळ तयार होणारा वायू खातो, म्हणून चालू मोटारी, वेल्डिंग सेट असलेल्या खोलीत रबराचे बूट साठवू नका, ताणलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. पीव्हीसीचे गमबूट, जे आपल्याकडं शेतात फवारणीला आणि ड्रेनेजच्या कामाला वापरतात, ते वर्षं जातील तसे कडक होतात कारण त्यांना मऊ ठेवणारं तेलकट केमिकल हळूहळू निघून जातं, मग घोट्याजवळ चीर जाते. चामड्याला आपला उन्हाळा सुकवतो आणि सप्टेंबर बुरशी आणतो, दोन्हीकडनं मार. बुरशी कोरड्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून, पॉलिश लावून चामडं वाचवता येतं, सोलचं मात्र तसं नाही, पीयू एकदा तुटायला लागला की कुठलंही पॉलिश, स्प्रे त्याला परत जोडत नाही.

साठवणीत काय करता येतं? थांबवता येत नाही, लांबवता येतं. बूट स्टोअरमधल्या सगळ्यात गार आणि कोरड्या जागी, जमिनीपासून आणि भिंतीपासून थोडं लांब, पत्र्याच्या लगेच खाली अजिबात नाही. वापरलेला बूट हंगाम संपल्यावर ठेवायचा असेल तर आधी मळी, चिखल, तेल ब्रशनं काढून सावलीत दोन तीन दिवस पूर्ण वाळवायचा, आतली सुटी गादी (इनसोल) काढून वेगळी. ओला बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यात ओल पण आत कोंडली जाते आणि तयार होणारं आम्ल पण. पुठ्ठ्याचं खोकं बरं, त्याला हवा लागते. आतल्या त्या छोट्या सिलिका जेलच्या पुड्या बंद खोलीत थोडी मदत करतात पण एकदा ओल पिऊन भरल्या की त्यांचा उपयोग संपतो, वर्षानुवर्षं चालत नाहीत.

खरी सुधारणा खरेदीत आहे. मार्च एंडला बजेट उरलंय म्हणून पाचशे जोड एकदम घ्यायचे आणि तीन वर्षं वाटत बसायचं, हे पीयूच्या बाबतीत पैसे जाळणं आहे. लागतील तेवढेच, सहा महिन्यांचे घ्या, आणि ऑर्डरमध्येच लिहा की माल मिळेल तेव्हा बनवून सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत, चांगला डीलर नाही म्हणत नाही. माल आला की खोक्याच्या बाहेर मार्करनं बनवल्याचा महिना वर्ष मोठ्या अक्षरात टाका, जुना पुढं नवा मागं. आणि जे बूट मुळात ठेवूनच राहणार आहेत, व्हिजिटरसाठी, शटडाउनसाठी, इमर्जन्सीच्या कपाटासाठी, ते पीयूचे घेऊच नका, पूर्ण नायट्राइल रबर सोलचे घ्या, मधे पण पीयूचा थर नसलेले. जड पडतात, थोडे महाग पडतात, पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी पायात राहतील. पॉलिईथर पीयूवाला सोल मिळत असेल तर तो पण चालेल, ओलीला तो जास्त टिकतो.

कामगार मित्रांसाठी एक. बूट इश्यू होताना तिथंच उलटा करून तारीख बघा, वाकवून बघा, शंका आली तर सही करायच्या आधी बदलून मागा, यात लाजायचं काही नाही. आणि पहिल्या आठवड्यात सोल गेला तर तुकड्यासकट परत द्या, भुगा पण पिशवीत घालून द्या, म्हणजे वापरून फाडला की ठेवून सडला हे बघणाऱ्याला लगेच कळतं, झिजलेल्या सोलचे खाचे गुळगुळीत असतात आणि सडलेल्याचे नवे कोरे. काही ठिकाणी त्या बुटाचे पैसे पगारातनं कापतात असं ऐकतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कायद्यानं मालकानं पुरवायच्या सुरक्षा साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेलं आहे, आणि इथं तर बूट त्याच्या हातात यायच्या आधीच संपलेला असतो.

मुदत संपलेले बूट बाद करताना मात्र तसेच भंगारात देऊ नका. वरून ते कोरेच दिसतात, कुणीतरी पुसून शंभर दीडशेला विकणार आणि बांधकामावरचा कुणी गरीब माणूस नवे समजून घेणार. चामडं कटरनं आडवं कापा, लेस काढा, लोखंडी टोपी भंगारात वेगळी जाते, आणि रजिस्टरला बाद केल्याची तारीख आणि जोडांची संख्या लिहून ठेवा.